वयाचा रकाना

कुठलीही वही उघडण्याआधी आमचे हिशेबनीस मनवर बाबूजी तिच्यावर एक फुंकर मारत. आमचं ऑफिस जिनिंगच्या आवारातच होतं, दिग्रसच्या बाहेर दारव्ह्याच्या रस्त्याला. सीझन चालू झाला की रेच्यांवरून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवरून, उडालेले रुईचे बारीक तंतू खिडकीतून आत येत आणि टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, पाण्याच्या माठावरच्या फडक्यावर पांढरी लव साचे. बाबूजींच्या भुवया तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पांढऱ्याच असत. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा ते कीबोर्डवरही आधी फुंकर मारून मग एका बोटानं टाईप करत. मशीनची बेरीज आली की डोळे मिटून स्वतःची करत आणि दोन्ही जुळल्या तर म्हणत, "बरोबर हाये याची." कौतुक मशीनचं असे.

त्या कंपनीत मी बी.कॉम. होऊन त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा तिशी गाठत होतो. लग्न झालं होतं, यवतमाळला घर होतं, आणि ही नोकरी म्हणजे चांगली मिळेपर्यंतची सोय, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या पगाराच्या दिवशी मी खिडकीशी बसून टोकन नंबर पुकारायला लागलो. तीन नंबर झाले आणि बाबूजी उठून आले. माझ्या हातातला कागद त्यांनी पालथा ठेवला आणि म्हणाले की, पुढच्या महिन्यापासून नावानं बोलवायचं, बापाच्या नावासकट. महिनाभरात मला त्रेसष्ट नावं पाठ करावी लागली. मला तो छळ वाटला. पण गोदाबाई किसन खडसे हे नाव मी पहिल्यांदा पूर्ण पुकारलं, तेव्हा रेच्यावर कापूस टाकणारी ती बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "माह्या बापाचं नाव तुले कोनं सांगतलं? मीच इसरली होती." मागची रांग हसली. बाबूजी हसले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या डब्यातली ज्वारीची अर्धी भाकर दिली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पूर्वी सीझनमध्ये आमच्या गेटपासून नाक्यापर्यंत गाड्यांची रांग लागे. त्या वर्षांत सकाळी दहालाच आवार रिकामं दिसायला लागलं. कुठल्या गावाहून कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे बाबूजींना ठाऊक असे, पण ते त्याबद्दल बोलत नसत. फक्त आवकेच्या रजिस्टरमध्ये एखाद्या जुन्या शेतकऱ्याचं नाव वर्षभर आलं नाही, तर त्या नावाचं पान ते फाडत नसत. कोरंच ठेवत.

अशा वेळी नागपूरच्या हेड ऑफिसकडून कुरिअरनं एक जाडसर पुस्तक आणि एक पत्र आलं. कंपनीला मोठं कर्ज घ्यायचं होतं, बाहेरचे भागीदार आणायचे होते. त्यामुळे या वर्षापासून ताळेबंद हिशेबाच्या नव्या मानकांप्रमाणे करायचा, असं ऑडिटरनी बजावलं होतं. मी पुस्तक चाळलं आणि कपाळाला हात लावला. सगळं इंग्रजी, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. बाबूजींनी ते घरी नेलं. दुसऱ्या दिवशी त्याला खाकी कव्हर होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, आणि कव्हरवर पेन्सिलनं नाव घातलेलं होतं.

पंधरा दिवस ते डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचत होते. एके दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून एक परिच्छेद दाखवला. आधीची आमची पद्धत अशी होती की, माणूस निवृत्त झाला की त्याची ग्रॅच्युइटी द्यायची आणि त्या दिवशी खर्च लिहायचा. त्याआधीच्या तीस वर्षांत वहीत त्या पैशांचा मागमूस नसे. नवं मानक म्हणत होतं की, हे देणं माणूस जाईल त्या दिवशी होत नाही. तो काम करतो त्या प्रत्येक वर्षी ते होत असतं, म्हणून दरवर्षी ते ताळेबंदात दिसलं पाहिजे.

"वाच," बाबूजी म्हणाले. "मी तीस वर्षं हेच म्हनून राह्यलो. पन मी म्हनलं तं बाबूचं बोलनं. आता हे पुस्तकात हाये."

हिशेबाच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदानं डोळ्यांत पाणी आलेला माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

आमच्या मॅनेजर साहेबांना हे सगळं नको होतं. कापूस येत नाही, रुईच्या गाठी खपत नाहीत आणि त्यात हे नसतं देणं कागदावर कशाला आणायचं, असं त्यांचं म्हणणं. ते बाबूजींना सगळ्यांसमोर म्हणाले, "मनवर, तुम्ही कंपनीचे की कामगारांचे, एकदा ठरवून टाका." बाबूजींनी शांतपणे सांगितलं की, दोघांचंही मीठ खाल्लं आहे, म्हणून तर आकडा खरा लिहायचा आहे. हुकूम नागपूरचा होता, त्यामुळे साहेबांचं चाललं नाही.

देणं किती ते ठरवायला मुंबईचा एक अॅक्च्युअरी नेमला होता. माणसं किती वर्षं नोकरी करतील, किती सोडून जातील, किती मरतील, याचा अंदाज बांधून आजचा आकडा काढणं हे त्याचं काम. त्याच्या कागदांत एक तक्ता होता. त्या तक्त्याप्रमाणे आमच्या त्रेसष्ट माणसांत वर्षाला शून्य दशांश काहीतरी माणूस मरणार होता. बाबूजींनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"असं कसं," ते म्हणाले. "आपल्याकडं तं अख्खा मरते."

अॅक्च्युअरीला प्रत्येक कामगाराची जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख आणि पगार हवा होता. ही यादी करायचं काम माझ्याकडे आलं. वारसाचे फॉर्मही नव्यानं भरून घ्यायचे होते. आठ दिवस मी जेवणाच्या सुट्टीत रेच्याच्या हॉलबाहेर खुर्ची टाकून बसलो. तारखा जुन्या भरती रजिस्टरमधून घेतल्या. सगळी नोंद बाबूजींच्या हातची, वळणदार, कुठे खाडाखोड नाही. बहुतेकांची जन्मतारीख एक जुलै. शाळा न पाहिलेल्या माणसाला कोणती तरी तारीख द्यावी लागते, त्यात मला काही खटकलं नाही.

खटकलं ते गोदाबाईच्या फॉर्मशी. रजिस्टरप्रमाणे तिचं वय पन्नास. वारस म्हणून तिनं थोरला मुलगा लावला होता आणि त्याचा शाळेचा दाखला जोडला होता. त्याप्रमाणे मुलगा एक्केचाळीस वर्षांचा होता.

मी तिला गमतीनं म्हटलं की, मावशी, तुम्ही नऊ वर्षांच्या असताना बाळंत झाल्या. तिनं खांदे उडवले. "बाबूजीले इचार. वय त्याइनंच लिवलं. मले काय समजते?"

मी रजिस्टर घेऊन बसलो आणि इतर फॉर्म ताडून पाहिले. प्रेसवर गाठी बांधणारा तांड्यावरचा लच्छीराम राठोड कागदावर स्वतःच्या धाकट्या भावाहून लहान होता. एकीची नात आणि ती यांच्यात वीस वर्षांचं अंतर होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या कागदावर अकरा नावं झाली. ज्याच्या बेरजेवर ऑडिटर न तपासता सही करायचे, त्या माणसाच्या रजिस्टरमधलं वय खोटं होतं. अकरा ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी खालीच.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, नावं वाचली आणि म्हणाले, "अकरा नाही, चौदा व्हते. तिघं गेले."

मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील याच आवारात, जुन्या मालकांच्या काळात हमाल होते. भरतीच्या दिवशी लिहिणाऱ्या बाबूनं मान वर करून पाहिलं, डोक्यावरचे केस पांढरे दिसले आणि वय लिहिलं पंचेचाळीस. खरं वय पस्तिशीचं होतं. केसांत रुई होती की काय, कोण जाणे. त्या एका नजरेमुळे कागदावर अठ्ठावन्न भरले आणि वडील अठ्ठेचाळीसाव्या वर्षी निवृत्त झाले. धडधाकट माणूस. त्यानंतर दोन वर्षं ते रोज सकाळी भोंग्याच्या वेळी गेटसमोर येऊन बसत आणि दुपारी घरी जात. बाबूजी त्याच वर्षी मॅट्रिक झाले होते. भरती रजिस्टर लिहायची जागा निघाली, तेव्हा त्यांनी ती मागून घेतली.

"माह्यासमोर जो उभा राहे, त्याले सोताचं वय माहीत नसे," ते म्हणाले. "अंदाजच कराचा व्हता. मी म्हनलं, अंदाज चुकला तं त्याच्या बाजूनं चुकू दे. मंग मले सवय झाली. चूक नाही राह्यली ते, राऊत. मी जानून लिवत गेलो."

त्यांनी मला काही लपवायला सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे नागपूरच्या लोकांनी तसं धरलं होतं. उलट त्यांनी सांगितलं की, या पुस्तकाप्रमाणे हिशेब करायचा तर वय खरंच पाहिजे, नाहीतर सगळा आकडाच खोटा. फक्त त्यांना पंधरा दिवस हवे होते. यादी द्यायला अजून तीन आठवडे होते.

"मले एकेकाच्या घरी जाऊन सांगू दे. नोकरी गेल्याचं मानसाले गेटवर नाही समजलं पाह्यजे. घरात समजलं तं बाईमानूस असते, लेकरं असते, कोनी पानी देते. देशील ना पंधरा दिवस?"

मी हो म्हटलं. अगदी त्यांच्या हाताला हात लावून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला परतणारी हेड ऑफिसची गाडी गेटशी उभी होती. मी अकरा नावांचं पत्र लिहून ड्रायव्हरच्या हाती दिलं.

का दिलं, याची कारणं मी इतकी वर्षं बदलत आलो आहे. आधी म्हणायचो, सत्य ते सत्य, आज काय नि पंधरा दिवसांनी काय. मग म्हणायला लागलो की, घाबरलो होतो. उद्या प्रकरण बाहेर आलं असतं, तर मलाही माहीत होतं असं निघालं असतं. दोन्ही खरं आहे. पण बाबूजींच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी नागपूर माझा विचार करतंय, हे मॅनेजर साहेबांनी मला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नव्हती. पत्राखाली सही करताना तीच गोष्ट मला आठवत होती.

बाबूजी त्या आठवड्यात तीन घरं फिरून आले. तीनच. आठव्या दिवशी नोटीस लागली. अकरा जणांना वय तपासणीसाठी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेण्यात येईल आणि तोवर त्यांना कामावर घेतलं जाणार नाही. ती गेटवरच्या फळ्यावर इंग्रजीत टाईप केलेली होती. भोंगा होऊन गेला तरी माणसं तिथेच उभी राहिली. कुणीतरी बाबूजींना हाक मारली.

ते आले. त्यांनी ती नोटीस मराठीत वाचून दाखवली, एकेक नाव बापाच्या नावासकट. शेवटी म्हणाले, "याच्यात कोनाचा कसूर नाही. हे वय मी लिवले व्हते. मले तुमच्या घरी येऊन सांगाचं व्हतं, वेळ नाही भेटला."

लच्छीराम मागून म्हणाला, "बाबूजी, आमी तं कवाचे बुढे झालो. तुमीच आमाले जवान करून ठेवलं व्हतं." कुणीतरी हसलं. बाबूजींना हसता आलं नाही. मी ऑफिसच्या पायरीवर उभा होतो. ते परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की, नागपूरहून फोन आला होता, त्यांनी थेट विचारलं, मला सांगणं भाग पडलं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाले आणि वहीवर फुंकर मारून कामाला लागले.

तपासणीला बाबूजी स्वतः एसटीनं त्यांच्याबरोबर गेले. ती रजा त्यांनी बिनपगारी टाकली. परतल्यावर गोदाबाईनं गेटवर सगळ्यांना ऐकवलं की, डॉक्टरनं तिचे दात पाहिले, कोपराचा फोटो काढला. "बजारात बैल पाह्यते ना, तसं. आता मले कोनी घेत नाही म्हना." अकराही जण अठ्ठावन्नच्या पुढचे निघाले. कंपनीनं त्यांची ग्रॅच्युइटी हिशेबानं दिली, त्यात एक पैसा कमी नव्हता. बाबूजींनी प्रत्येकाचा आकडा दोनदा तपासला होता. पण काम गेलं ते गेलं. त्या वर्षी दिग्रसला दुसरीकडे काम कुठे होतं? गोदाबाई धुणीभांडी करायला लागली. लच्छीराम मुलाबरोबर ऊसतोडीला गेला.

बाबूजींकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी एक पान लिहिलं, त्यात एकही सबब नव्हती. निवृत्तीआधीच त्यांना घरी बसायला सांगण्यात आलं. निरोप समारंभ झाला नाही. शेवटचा आठवडाभर त्यांनी मला कपाटं दाखवली, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते सांगितलं आणि आवकेच्या रजिस्टरमधली ती कोरी पानं फाडू नको म्हणाले. नागपूरहून आलेल्या अधिकाऱ्यानं खुर्चीसाठी त्यांचं मत विचारलं, तेव्हा मी दाराबाहेर होतो. ते म्हणाले, "राऊतले द्या. त्याची बेरीज चुकत नाही." मला खुर्ची मिळाली.

पुढच्या वर्षी कंपनीचा छापील वार्षिक अहवाल आला, नव्या मानकांप्रमाणे केलेला पहिला. गुळगुळीत कागद, पुढे पांढऱ्याशुभ्र कापसाचा फोटो. त्यातली एक प्रत घेऊन मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. अंगणात बाजेवर बसून ते कुणाचा तरी निराधार योजनेचा अर्ज भरत होते. बाजेच्या पायाशी गोदाबाई बसली होती. अर्ज तिचाच होता.

अहवाल पाहून त्यांना इतका आनंद झाला की, मला बसायला सांगायचंही ते विसरले. पानं उलटत ते कामगारांच्या देण्याच्या टिपेशी आले. चार ओळी आणि एक आकडा. त्यावर बोट ठेवून ते हळूहळू वाचत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "ऐकलं का, छापून आलं वो. राऊतनं आनलं. चाय टाक."

मी त्यासाठीच गेलो होतो, म्हणून बोललो. उभ्या उभ्याच.

"बाबूजी, त्या वेळी नागपूरहून फोन आला नव्हता. पत्र मी स्वतः दिलं. दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी बोट आकड्यावरून उचललं नाही.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "तो आठवडाभर आपला फोन बंद व्हता. लाइनमनच्या मांगं मीच फिरून राह्यलो व्हतो."

मॅनेजर साहेबांकडे मोबाईल होता, पण साहेब तेव्हा नागपूरलाच होते. ऑफिसात दुसरा फोन नव्हता. म्हणजे पायरीवर उभं राहून मी खोटं बोललो, तेव्हाच त्यांना कळलं होतं. किल्ल्या देताना माहीत होतं. दाराआड माझं नाव सुचवतानाही माहीत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलनार? तुले लेकरं लहान." त्यांनी अहवाल मांडीवर टेकवला. "आठ घरं राह्यले माहे. तेवढं वाटते कधीमधी."

गोदाबाई आमच्याकडे बघत होती. तिला काय कळलं, मला माहीत नाही. तिनं पदरानं हात पुसला आणि अहवालाच्या गुळगुळीत पानाला बोट लावून पाहिलं.

मी चहा घेतला, तो कसा घेतला ते आठवत नाही. गल्लीच्या टोकाला स्कूटर उभी होती. किक मारण्याआधी वळून पाहिलं, तर बाबूजी अर्ज बाजूला ठेवून अहवाल तिच्यापुढे धरून बसले होते आणि ती मोठ्यानं विचारत होती, "याच्यात आपून कुठं हाव, बाबूजी?"

त्या आकड्यात ती नव्हती. तिचं देणं देऊन झालं होतं, म्हणून त्या अकरांपैकी कुणीच त्यात नव्हतं. हे मला माहीत होतं, त्यांना तर माझ्याआधी माहीत होतं. तरी बाबूजी एकेक पान उलटत होते, सावकाश, जणू पुढच्या पानावर सापडेल.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.